आमच्या उपकेंद्रातील सिस्टरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मुलीची अठराव्या महिन्यातील एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आल्याचे आपणांस फोनवर कळवले, तेव्हा आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र. पत्र जाहीर असले तरी त्यात आपले नाव घातलेले नाही, कारण आपल्या नावावरून गाव कळेल आणि गावावरून मी. जी गोष्ट आपण इतक्या कसोशीने जपलीत, ती माझ्याच हातून फुटू नये.

गरोदरपणाची नोंद करायला मी उपकेंद्रात आले, तेव्हा वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन अशा तपासण्या ओळीने चालल्या होत्या आणि त्याच ओळीत एचआयव्ही व सिफिलिसच्याही होत्या. "ही तपासणी सगळ्याच गरोदर बायांची करतो, पण तुम्ही नको म्हणालात तर करणार नाही," असे सांगून आणि माझा होकार घेऊनच आपण बोटाला सुई टोचलीत. याच तपासणीसाठी वेगळी पाटी लावलेल्या खोलीसमोर बसावे लागले असते, तर मी तिकडे फिरकलेही नसते. उपकेंद्रातील त्या एका चाचणीवर निष्कर्ष न काढता आपण मला सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, पाठवलेत आणि सोनोग्राफीची तारीखही त्याच दिवशीची घेतलीत. त्यामुळे घरी सोनोग्राफीला चालले आहे असे सांगताना मला खोटे बोलावे लागले नाही.

मला लागण असल्याचे तिथे पक्के झाले. पूर्वी कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिन या एचआयव्हीविरोधी औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढ्यावरच आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्याचा कार्यक्रम बहुतांशी उभा होता, असे तिथल्या समुपदेशकांनी सांगितले. 1 जानेवारी 2014 पासून मात्र प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला लगेच आणि आयुष्यभराचे औषध सुरू करण्याचे धोरण देशभर आले. काहीच उपचार न घेतल्यास 100 पैकी 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होऊ शकते आणि वेळेवर उपचार घेतल्यास, अंगावर पाजूनही, हे प्रमाण 5 च्या खाली आणता येते, हे आकडे मी त्या दिवसांत जपासारखे घोकत होते.

माहेरच्यांनी बाळंतपणासाठी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात नाव घातले होते. तेथे माझा अहवाल पाहताच "आमच्याकडे सोय नाही" म्हणून हात झटकले गेले. असा भेदभाव करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे, हे मला आपल्याकडून कळले. पण त्या अवस्थेत भांडत बसण्यापेक्षा आपण मला सरकारी रुग्णालयात नेलेत आणि केवळ या आजारासाठी सिझेरियन करावे लागत नाही, हेही समजावलेत.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र घरातलीच होती. आमच्याकडे बाळाला मध चाटवतात, गुटी उगाळतात. मला तर पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पाजायचे होते, कारण दुधाबरोबर वरचे काही दिल्यास बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होऊन लागणीचा धोका वाढतो. हे सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगणार होते? आपण घरभेटीला आलात आणि बाळाकडे न बघता थेट सासूबाईंशीच बोललात: "सहा महिने पाणीसुद्धा नाही, गुटी नाही, मध नाही, गावातल्या प्रत्येक बाळाला हाच नियम." शेजारणीच्या सुनेलाही आपण अगदी हेच सांगितले होते, त्यामुळे कुणाला संशय येण्याचा प्रश्नच उरला नाही. नेविरापिनचे सरबत रोज एकदा, दीड मिलिलिटर, सिरिंजवरच्या बारीक रेघेपर्यंत कसे ओढायचे आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू कसे सोडायचे, ते आपण माझ्याच हातून करवून घेतलेत.

दीड महिन्याच्या लसी झाल्या, त्याच दिवशी एचआयव्ही चाचणीसाठी टाचेला टोचून कागदावरच्या गोलांमध्ये बाळाच्या रक्ताचे थेंब घेतले गेले. घरच्यांच्या लेखी तो लसीचाच दिवस होता. शेवटची चाचणीही आपण बूस्टर डोसच्या वेळीच धरलीत.

एक विनंती वरिष्ठांपर्यंत पोहोचवावी. गरोदरपणात सारे काही एकाच जागी होते. आता माझ्या गोळ्यांसाठी मात्र सिव्हिलच्या एआरटी केंद्रातील (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातील) वेगळ्या रांगेत उभे राहावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. या गोळ्या उपकेंद्रातून मिळाल्या, तर माझ्यासारख्या अनेकींचे औषध मध्येच सुटणार नाही. पाच हजार लोकवस्तीचा भार आपल्यावर आधीच आहे, हे मी जाणते. म्हणून हे काम मदतनिसाशिवाय आपल्या गळ्यात पडू नये, असेही त्यांना सांगावे. बैठकीत विषय निघाल्यास माझे उदाहरण, नाव न घेता, खुशाल द्यावे.

आपली कृतज्ञ,
एक आई