सरांचं रबर आणि मधला बिंदू

प्रिय मित्रा,

सात महिने तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसायचो आणि आपलं ते शेवटचं भांडण आठवून उठायचो. तब्येत बरी आहे, पाठ अधूनमधून धरते, बाकी काही नाही. पण परवा रात्री जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

अडथळ्यावर ताणलेल्या पडद्यावरच्या माझ्या पेपरातला तिसरा लेमा, म्हणजे मुख्य प्रमेयाला आधार देणारं छोटं प्रमेय, चुकीचा आहे. तोच, ज्यावरून आपण जिन्यात उभं राहून भांडलो. मी म्हणत होतो, कडेची उंची किंचित बदलली तर पडदा अडथळ्याला जिथे टेकतो तो भागही किंचितच बदलेल. तू म्हणालास, "पडदे जवळ आले म्हणजे टेकलेले भाग जवळ आले, हे कुठं सिद्ध केलंस?" मी चिडून निघून गेलो.

परवा एकाच मितीत हिशोब मांडला. उणे १ ते १ एवढी दोरी, ताण १, भार १, खाली सपाट जमीन, दोन्ही टोकं सारख्या उंचीवर. टोकांची उंची ०.१८ असेल तर दोरी उणे ०.४ पासून ०.४ पर्यंत जमिनीवर पडते. ०.३२ ला उणे ०.२ ते ०.२. ०.५ ला फक्त मधला एक बिंदू टेकतो. आणि त्याच्या केसभर वर गेलं की काहीच टेकत नाही. दोरी केसभरच हलली, काँटॅक्ट सेट, म्हणजे टेकलेला भाग, मात्र रिकामा! वही पुढ्यात उघडी ठेवून मी कितीतरी वेळ त्या मधल्या बिंदूकडे बघत होतो.

सिग्नोरिनींचा १९५९ चा प्रश्न, लवचीक वस्तू टणक पृष्ठभागावर नेमकी कुठे टेकते तो, शिकवताना सर टेबलावर रबर दाबून धरायचे, कुठे टेकलंय ते आधी माहीत नसतं म्हणायचे, आणि तू ते रबर पळवून ओरडायचास, "सर, काँटॅक्ट सेट रिकामा!" सगळा वर्ग हसायचा. माझ्या लेम्याचं उत्तर तेव्हाच देऊन ठेवलं होतंस की रे.

चूक कुठे झाली तेही सापडलं. टेकलेला भाग जिथे पुरेसा जाड असतो तिथे फ्री बाउंडरी, म्हणजे त्या भागाची कड, गुळगुळीत असते, हे कॅफारेलींनी १९७७ मध्ये दाखवलं. तिथे बिंदूभोवती झूम करत गेलं की अर्धा पॅराबोला दिसतो, एका बाजूला शून्य. सिंग्युलर, म्हणजे बिघडलेल्या, बिंदूपाशी दोन्ही बाजूंनी चढणारा अख्खा पॅराबोला दिसतो आणि टेकलेला भाग फटीसारखा बारीक होतो. मी सगळे बिंदू पहिल्या जातीचे धरून चाललो.

(पेनल्टीच्या, म्हणजे दोरीला अडथळ्यात थोडं शिरू देऊन त्याचा दंड लावायच्या पद्धतीच्या, बाबतीत मात्र मी अजून हटलेलो नाही. शिरकाव ठरवणारा एप्सिलॉन कितीही लहान घे, अडथळ्यात शिरलेल्या दोरीला मी उत्तर म्हणणार नाही.)

लेमा वाचेल असं वाटतं. माझ्या दोरीला ०.५ ही एकच उंची वाईट आहे. गणितज्ञ शेफर यांचा अंदाजही तोच होता, की बहुतेक सगळ्या सीमामूल्यांना, म्हणजे कडेच्या उंचींना, सिंग्युलर बिंदू नसतातच. फिगाली, रोस-ओटोन आणि सेरा यांनी २०२० मध्ये तो चार मितींपर्यंत सिद्ध केला. माझं काम प्रतलातलं, दोनच मितींचं आहे, म्हणजे लेम्यात सीमामूल्याआधीचं "प्रत्येक" खोडून "जवळजवळ प्रत्येक" लिहावं लागेल. पण पेपर स्वीकारला गेलाय, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या "प्रत्येक"वर उभं आहे. मी सांगितलं म्हणून तिने तो लेमा तपासला नाही. संपादकांना उद्या कळवतो, ते सोपं आहे. तिला काय सांगू? तिने दोन वर्षं घातली आहेत त्यात.

तू नव्या जागी रुळलास का? धाकटी चालायला लागली असेल. आईंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

दुरुस्त केलेली दोन पानं सोबत पाठवतोय. तिला दाखवायच्या आधी तू वाच. पेन्सिल घेऊन वाच, आणि जिन्यात बोललास तसंच बोल.

तुझाच