कॉट बेसिसवाल्या घरांनाही लायसन लावा

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

ॲडमिशन सुरू झाली की सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेत गेटागेटावर पाट्या लागतात, 'फक्त मुलींसाठी', 'कॉट बेसिस, मेससह' (म्हणजे खोली वाटून राहायची, भाडं कॉटमागं), आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडनं आलेले आईबाप पोरांना घेऊन उन्हातान्हात रूम बघत फिरतात. मी स्वतः वरचा मजला भाड्यानं देतो, त्यामुळं हे पत्र घरमालकांच्या विरोधात आहे असं कुणी धरू नये.

भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची, आता तर ती ऑनलाइन पण भरता येते, आधार, फोटो, मूळ गाव सगळं. ते बरोबरच आहे, द्यायलाच पाहिजे. पण यात तपासणी होते ती भाडेकरूची. त्या पोराला आपण कसल्या खोलीत ठेवलंय, तिथं वायरिंग कसं आहे, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे बघायला कुणीही येत नाही.

करार लेखी करून रजिस्टर करायला पाहिजे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 मध्ये आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडं मात्र अकरा महिन्यांचं केलं की रजिस्टर लागत नाही असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ते चूक आहे, लिव्ह अँड लायसन्सला पण हेच कलम लागतं. आणि कॉटवाल्या पोराला तर नोटरीचा कागद पण मिळत नाही, डिपॉझिट रोख, भाडं रोख, पावती मागितली की "विश्वास नाही का?"

मागं ओळखीतल्या एका पोरासाठी रूम बघायला सोबत गेलो होतो. हॉलमध्ये प्लायवूड मारून तीन भाग केलेले, प्रत्येकात कॉट दाटीवाटीनं, एका एक्स्टेन्शन बोर्डवर किटली, इस्त्री आणि चार-पाच चार्जर. बाथरूमला गॅस गिझर, आणि वरची खिडकी थंडी येते म्हणून पुठ्ठा लावून बंद! गिझर पेटला की आतला ऑक्सिजन कमी होतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वासही नसतो, माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. खाली मेस चालते ती घरगुती लाल सिलिंडरवर. रात्री दहाला बाहेरच्या गेटला कुलूप, किल्ली मालकाकडं, मालक दुसऱ्या मजल्यावर झोपलेला. तरी मालकीणबाई अभिमानानं सांगत होत्या, आमच्यात शिस्त फार कडक.

आता मला सांगा, लॉज काढायचा म्हटलं तर सतरा परवानग्या, आणि तेवढीच माणसं घरात भरून महिन्याला भाडं घेतलं की ते 'घरगुती', हे कसं काय? इंग्लंडमध्ये एका घरात वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा जास्त माणसं किचन-बाथरूम वाटून राहत असतील तर मालकाला तिथल्या कौन्सिलचं लायसन काढावंच लागतं, एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबानं 70 चौरस फूट जागा लागते, गॅसची तपासणी दरवर्षी आणि वायरिंगची दर पाच वर्षांनी. तिथलं सगळं उचलून इथं आणा असं नाही म्हणत, पण गॅस आणि वायरिंग तपासायला काय अडचण आहे?

आणि सांगलीचं एक वेगळंच आहे, पूर. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या माणसाला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका हे पाठ असतं, पण बाहेरगावच्या पोराला काय माहीत, त्याला तळमजल्याची खोली पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाली एवढंच दिसतं. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. या खोलीत किती फुटांना पाणी येतं आणि पूर आला तर त्या महिन्याचं भाडं घेणार का, हे करारातच लिहिलेलं पाहिजे.

लायसन सरसकट सगळ्यांना नको. एखादी विधवा बाई मागची एक खोली देऊन घर चालवते, तिला फॉर्म भरायला लावून काय मिळणार? एका घरात पाचापेक्षा जास्त कॉट असतील त्यांनाच लावा. फी नाममात्र ठेवा, आणि भाडेकरू दाखवला की घरपट्टी वाढते ही भीती आधी काढा, नाहीतर निम्मे लोक "आमच्या पाहुण्यांची पोरं आहेत" म्हणून मोकळे होणार. लायसन म्हणजे चहापाण्याचं नवीन कुरण होईल हे पण मला दिसतंय, म्हणून तपासणीचा कागद घराच्या दारावर चिकटवलेला पाहिजे, कोण आलं, कधी आलं, काय बघितलं, गिझरला खिडकी आहे का नाही, सगळं, म्हणजे रूम बघायला आलेला बाप उभ्या उभ्या वाचेल.

सांगली मिरज कुपवाड महापालिकेनं पुढच्या ॲडमिशनच्या आत निदान विश्रामबाग आणि मिरजेत मेडिकल कॉलेजच्या आसपास तरी हे सुरू करावं, माझ्या घरापासनं सुरुवात केली तरी चालेल.

आपला,
एक घरमालक, विश्रामबाग, सांगली