ऑलिंपिक पदकांच्या मोजपट्टीत न मावणारा बुबका

महोदय,

क्रीडापटूची थोरवी केवळ ऑलिंपिक पदकांवरून ठरविण्याची प्रथा सर्गेई बुबका यांच्यावर मोठा अन्याय करते, असे मला मनापासून वाटते. पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे लांब काठीच्या (पोलच्या) आधाराने उंच उडी मारण्याच्या खेळात, 1983 ते 1997 या काळात सलग सहा जागतिक विजेतेपदे आणि मैदानी व बंदिस्त मिळून 35 विश्वविक्रम नोंदविणाऱ्या या खेळाडूच्या नावावर ऑलिंपिक सुवर्णपदक एकच आहे. ते 1988 साली सेऊलमध्ये 5.90 मीटरच्या उडीने, तेही शेवटच्या प्रयत्नात मिळाले. 1984 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या देशाच्या, सोव्हिएत संघाच्या, बहिष्कारामुळे ते लॉस एंजेलिसला जाऊ शकले नाहीत, 1992 मध्ये बार्सिलोनात त्यांना एकही उंची पार करता आली नाही आणि 1996 मध्ये अटलांटात टाचेच्या दुखापतीने त्यांना माघार घ्यावी लागली.

त्यांचे खरे कर्तृत्व तंत्रात आहे. प्रशिक्षक विताली पेत्रोव यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वेगवान धाव आणि पोलवरची उंच पकड यांचा असा मेळ साधला की, 1985 मध्ये पॅरिसला सहा मीटरची उंची मानवाने प्रथमच ओलांडली. पुढे 1993 मध्ये युक्रेनमधील दोनेत्स्क येथे बंदिस्त मैदानात त्यांनी नोंदविलेला 6.15 मीटरचा विक्रम 2014 पर्यंत अबाधित राहिला. तो त्याच शहरात, त्यांच्याच उपस्थितीत फ्रान्सचे पोल व्हॉल्टपटू रेनो लाव्हिलेनी यांनी मोडला.

क्रीडापानांवर खेळाडूंचा परिचय देताना पदकसंख्येबरोबरच तंत्रातील योगदानाचीही नोंद घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक