कॅशमधील शिळ्या प्रतीचा प्रश्न

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहापूर भागातील आमच्या छापखान्यात दोन लिनक्स संगणक एकाच सर्व्हरवरील फाइली वापरतात. गेल्या लग्नसराईत एका पत्रिकेतील मुहूर्ताची वेळ एका संगणकावर सुधारली, पण दुसऱ्यावर पाच मिनिटांनंतरही जुनीच वेळ दिसत राहिली आणि छापलेला गठ्ठा वाया गेला. वधूपित्यासमोर उभे राहताना फार वाईट वाटले. एनएफएसमध्ये, म्हणजे सर्व्हरवरील फाइली जाळ्यावरून वापरण्याच्या पद्धतीत, फाइलीची माहिती साधारण 3 ते 60 सेकंद कॅशमध्ये (पटकन वाचता यावे म्हणून मेमरीत ठेवलेल्या प्रतीत) धरली जाते, हे ठरवूनच केलेले आहे. त्याहून अधिक काळ शिळी प्रत टिकली, तर कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, दोषाची शंका घ्यावी लागते.

असा दोष पुष्कळदा कामांच्या क्रमात असतो. कॅशमधील पान (फाइलीचा मेमरीत ठेवलेला तुकडा) आधी बाद केले आणि डिस्कवर नवा मजकूर नंतर लिहिला, तर मधल्या क्षणी वाचणारा प्रोग्रॅम जुनाच मजकूर पुन्हा कॅशमध्ये आणून बसवतो. म्हणूनच लिनक्समध्ये कॅश टाळून थेट लिहिताना, लिहिण्याआधी आणि लिहून झाल्यावर, अशी दोनदा पाने बाद केली जातात. तरीही तीच फाइल कोणी मेमरीत मॅप केलेली, म्हणजे थेट मेमरीसारखी वापरायला जोडलेली, असेल, तर खात्री उरत नाही.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. येथील व निपाणी-खानापूरकडील विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात असा दोष हमखास घडवून दाखवणारी चाचणी लिहावी, आणि आपण तिची मराठीतून माहिती छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक मुद्रक, शहापूर, बेळगाव