काकू, बारावीच्या बायोलॉजीचा पेपर झाला!

ती. काकूंना सा. न.

निकालाला अजून अवकाश आहे. आई म्हणते, मार्क कळू देत, मग पेढे घेऊनच जाऊ. पण माझे आभार मार्कांवर अडलेले नाहीत. आणि हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या घरी किती मुलं फुकट शिकून गेली हे तुम्ही स्वतः कधी सांगणार नाही.

दिवाळीनंतर मी आले तेव्हा माझं पुस्तक हायलायटरने रंगपंचमी खेळून आलेलं होतं. तुम्ही ते चाळलंत, मिटलंत आणि म्हणालात, "भ्रूणकोश काढ." म्हणजे फुलाच्या बीजांडातल्या त्या सूक्ष्म पिशवीची आकृती. मी पुस्तकाकडे हात नेला, तर तुम्ही ते उशीखाली ठेवलंत. पुढे परीक्षेपर्यंत हेच: कोरा कागद, आकृती काढता काढता मोठ्यानं बोलायचं, आणि अडलं की आधी नेमकं काय आठवत नाही ते लिहायचं. पुस्तक त्यानंतर.

त्याच दिवशी तुम्ही काकांच्या पूजेच्या परडीतली जास्वंद उचलून तिचा अंडाशय ब्लेडने आडवा कापलात. पाच कप्पे, त्यांत बीजांडं, भिंगातून स्पष्ट. भ्रूणकोश भिंगाला थोडाच दिसतो! पण तो कुठे बसलेला असतो ते कळल्यावर सात पेशी आणि आठ केंद्रकं हे पाठ करावं लागलं नाही: मधल्या मोठ्या पेशीत दोन, बाकी सहांत एकेक. काकांनी त्या दिवशी देवाला तगर वाहिली.

आनुवंशिकतेला तर तुम्ही आमचं घरच घेतलंत. रक्तगट बाबांचा एबी, आईचा ओ. "मुलं कोणत्या गटाची होतील?" मी चौकट मांडली: निम्मी शक्यता ए, निम्मी बी. एबी नाही, ओ तर नाहीच. मी बी, धाकटा ए, म्हणजे उत्तर बरोबर. घरी आजीला सांगितलं तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "म्हणजे एकाही पोराचा गट आईबापावर गेला नाही?" तिची समजूत काढताना सहप्रभाविता, म्हणजे ए आणि बी एकत्र आले की दोन्ही दिसतात ते, माझी इतकी पक्की झाली की आता झोपेतही सांगेन.

मासिक पाळीचा धडा क्लासमध्ये अर्ध्या तासात उरकला होता. तुम्ही मात्र समोर काका पेपर वाचत बसलेले असताना, आवाज जराही खाली न आणता, एलएच हे संप्रेरक अचानक वाढतं आणि अंडमोचन होतं, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडते, हे मला आलेख काढत समजावलंत. काकांनी पानही उलटलं नाही. त्यासाठी त्यांनाही थँक्यू.

मेसेल्सन आणि स्टाल यांचा 1958 चा प्रयोग मला येतो असं मी म्हणाले. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले, ते दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात: 20 मिनिटांनी सगळे डीएनए संकरित, म्हणजे एक धागा जड, एक हलका, 40 मिनिटांनी निम्मे. "आणि 80 मिनिटांनी?" पुस्तकात त्याचं उत्तर नाही. बोटं मोजून आलं: एक अष्टमांश संकरित, बाकी हलके. बोर्डाच्या पेपरच्या पार्ट एमध्ये तासाभरात 50 प्रश्नांचे गोल भरायचे असतात, तिथे असं बोटांवर आणायची सवय फार कामी आली.

परिसंस्थेसाठी विश्वामित्रीच्या पुलावर नेलंत. अन्नसाखळीतल्या एका पोषण पातळीतली साधारण 10 टक्केच ऊर्जा वरच्या पातळीला मिळते, म्हणून नदीत मासे भरपूर आणि मगरी त्या मानाने मोजक्या. तेवढ्यात एक मगर खरंच काठावर आली, आणि तुम्ही म्हणालात, "हिला दहा टक्के पुरतात, तुला नाही चालणार."

तुमची प्रॅक्टिकलची जुनी वही परत आणतेय, तिचं सुटलेलं कव्हर बाबांनी शिवून दिलंय. आता मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा. 720 पैकी 360 गुण बायोलॉजीचे, आणि माझं अकरावीचं वनस्पतींचं वर्गीकरण कच्चं आहे. रविवारी सकाळी येऊ का?

तुमची,
खालच्या मजल्यावरची