फुलीची सही

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

ग्रँडमा गेल्यावर तिच्या कपाटातून निघालेला पत्र्याचा डबा तू माझ्या हातात ठेवलास, त्याला दोन वर्षं होत आली. "आई, तुझ्या माहेरचं सगळं मला पाठ आहे, बाबाच्या घराण्याचं कुणालाच काही सांगता येत नाही. तू बघ," म्हणालीस. बघितलं. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. मंडळाच्या शाळेत गिरवलेलं मराठी तुला एवढं नक्की पुरेल.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापलेला असतो. त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये वही उघडून खापरपणजोबांची सही दाखवतात. बाबाच्या घराण्याची अशी वही कुणी ठेवली नव्हती. माग काढायचा तो जमिनीच्या आणि कराच्या कागदांतून, आणि सातबारा, फेरफार, वारसनोंद बघत वाढलेल्या मला ते कागद फारसे परके वाटले नाहीत.

डब्यात ग्रँडमाच्या आत्याची चिठ्ठी होती. आमचा मूळ पुरुष अमेरिकेतल्या त्या नामांकित वाटाड्या डॅनियल बूनबरोबर केंटकीत आला आणि त्याबद्दल त्याला 400 एकर मिळाली, असं तिनं लिहून ठेवलंय. मी तिथूनच सुरुवात केली. बून निघाला मार्च 1775 मध्ये, हाताखाली साधारण तीस कुऱ्हाडवाले घेऊन. आज जिथं टेनेसीतलं किंग्सपोर्ट आहे तिथून, कंबरलँड गॅपच्या खिंडीतून केंटकी नदीपर्यंत त्यांनी दोनशे मैलांची वाट पाडली. 400 एकरांची गोष्टही खरी आहे, पण ती चार वर्षांनंतरची. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडत होती, आणि व्हर्जिनियानं 1779 मध्ये कायदा केला. 1 जानेवारी 1778 पूर्वी तिकडे वस्ती करून ज्यानं वर्षभर मुक्काम केला किंवा मक्याचं एक पीक काढलं, त्याला 400 एकरांचा हक्क, शिवाय लगतची 1000 एकर विकत घेण्याचा पहिला मान. दाखले तपासायला आयोग नेमला होता, आणि त्याच्या नोंदी शाबूत आहेत. आपल्या जमिनीचा दाखला भलत्याच माणसाच्या नावे आहे. आपल्या माणसानं तो हक्क मागाहून विकत घेतला.

म्हणजे तो बूनबरोबर आलाच नाही. बाबाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट होती ती. पण वंशावळीत मी खोटं लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

केंटकीत तो पहिल्यांदा सापडतो 1787 च्या करयादीत. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेची घरवार पानं शिल्लकच नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त या याद्यांवर. एका ओळीत कर्त्या पुरुषाचं नाव, घरात 16 ते 21 वयाचे मुलगे किती, गुलाम किती, घोडे किती. एकच यादी वाचली तर हाती काही लागत नाही. वीस वर्षांच्या याद्या एकाखाली एक मांडल्या की घर दिसायला लागतं. एका साली सोळा ते एकवीसच्या रकान्यात एक आकडा येतो, म्हणजे थोरला सोळा वर्षांचा झाला. पुढे त्याच आडनावाची नवी ओळ सुरू होते, म्हणजे तो एकविसाचा झाला, वेगळा कर भरू लागला. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे तक्ते मांडून बसायचे आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायचं राहून जायचं.

खरेदीखतं तर चतुःसीमाच. पांढऱ्या ओकपासून अमुक दिशेला इतके पोल, दोन हिकरीच्या झाडांपाशी, तिथून ओढ्याच्या काठानं खाली. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, दोन पोल म्हणजे तेहतीस. आपला गुंठा तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद! इंग्रजांची साखळी इकडेही फिरली आणि आपल्या सातारा जिल्ह्यातही. 400 एकर म्हणजे सोळा हजार गुंठे. माझ्या वडिलांची भावकी तीन गुंठ्यांसाठी कोर्टात गेली होती.

इथंही कोर्ट आलंच. ज्यानं त्यानं आपल्या ओकपासून मोजायचं, त्यामुळे हक्क कौलांसारखे एकावर एक चढले. खुद्द बूनच्या जमिनी अशाच गेल्या आणि 1799 मध्ये तो मिसुरीला निघून गेला. अब्राहम लिंकनच्या वडिलांनी 1816 मध्ये केंटकी सोडून इंडियाना गाठलं, त्यालाही जमिनीच्या कागदांचा घोळ कारण होता. आपल्या माणसाची निम्मी जमीन दाव्यात गेली. उरलेली त्यानं राखली.

आणि ती मुळात होती कुणाची, हेही वंशावळीच्या पहिल्या पानावर यायला हवं. मार्च 1775 मध्ये सिकॅमोर शोल्स इथं एका कंपनीनं तिथल्या मूळ रहिवासी चेरोकींकडून जवळजवळ दोन कोटी एकर लिहून घेतली. चेरोकींमधल्या ड्रॅगिंग कनूनं तिथंच विरोध केला. शॉनी लोक तर पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात शिकार करत आले होते आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पुढची वीस वर्षं ते लढत राहिले. ग्रँडमाच्या आत्याच्या चिठ्ठीत ते फक्त 'धोका' म्हणून येतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. या माणसाची बायको मला वर्षभर सापडत नव्हती. करयादीत ती नाही, दाखल्यात नाही, दाव्यात नाही. जमिनीचा एक तुकडा विकला तेव्हा खताच्या शेवटी चार ओळी आल्या. तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारलं आणि तिनं आपला विधवेचा वाटा राजीखुशीनं सोडला, असं त्यात लिहिलंय. खाली तिचं पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव नाही, आणि एक फुली. आपल्याकडे जुन्या कागदांवर कुणबी नांगराची निशाणी करायचा आणि बाई बांगडीची. ही फुली बघून मला माझी आजी आठवली. लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि कुलवृत्तांतात तेवढंच छापलं. तिचं माहेरचं नाव मला माझ्या आईनं सांगितलं म्हणून कळलं, आणि तुझ्याशिवाय आता ते कुणाला सांगणार?

जुलै 1776 मध्ये बूनची मुलगी जेमायमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना शॉनी आणि चेरोकी लढवय्यांनी नदीतल्या होडीतून पळवून नेलं. जाता जाता मुलींनी डहाळ्या मोडल्या, टाचा रुतवल्या, कपड्यांच्या चिंध्या टाकल्या. त्या मागावरून तिसऱ्या दिवशी त्या सापडल्या. मी तुझ्या या आजीच्या चिंध्या शोधत होते.

ती सापडली ती पेन्शनच्या कागदांत. तिचा नवरा स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियाच्या फौजेत होता. 1838 च्या कायद्यानं 1794 पूर्वी लग्न झालेल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन देऊ केलं, पण लग्न सिद्ध करायला हवं. ही तेव्हा ऐंशीच्या घरात होती. काउंटीच्या कोर्टात गेली आणि जबानी दिली. माहेरचं नाव, लग्नाचं गाव, नवरा कधी गेला, सगळं सांगितलं. पुरावा म्हणून घरच्या बायबलमधलं जन्मनोंदींचं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं. ते अजून फाइलीत आहे. त्यावरून कळलं की थोरला व्हर्जिनियात जन्मला आणि खिंड ओलांडली तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. त्या वाटेवर 1796 पर्यंत गाडी चालत नसे. म्हणजे घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी आणि बियाणं, आणि हिच्या कडेवर मूल. ते मूल जगलं, म्हणून बाबा आहे आणि तू आहेस.

ते पान मी रात्री एकटीनं वाचलं. खूप रडले.

आणखी एक बाई आहे, सोनू. आपल्या त्या मूळ पुरुषानंतर घरातल्या चीजवस्तूंची किंमत लावली, त्या यादीत किटली आणि गाईच्या मधे एक बाई आणि तिचं मूल. पहिलं नाव आणि डॉलरमधला आकडा. ते घर तिच्याही हातांवर चाललं, आणि तिची कुठे फुलीसुद्धा नाही. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांच्या याद्यांत फक्त वय, लिंग आणि वर्ण लिहीत. मुक्त झालेल्यांची नावं जनगणनेत सरसकट आली ती 1870 मध्ये. त्या काउंटीची 1870 ची पानं मी ओळीनं वाचतेय, तिच्या मुलासाठी. त्याचे वंशज कुठे असतील तर ही यादी त्यांच्या हाती पडायला हवी, आणि ती आपल्या घराच्या कागदांत आहे.

ऑक्टोबरात तू चार दिवस काढ. काउंटीच्या कचेरीत मृत्युपत्रांची दोन बाडं उरलीत, माझे डोळे आता त्या अक्षरांना दमतात. येताना खिंडीवरून येऊ.

सोबत आजीच्या जबानीची प्रत ठेवली आहे. शेवटचं पान बघ. कारकुनानं तिचं नाव लिहिलंय, मग जागा सोडून आडनाव, आणि मधल्या जागेत तिची फुली. एक रेघ सरळ आहे, दुसरी थरथरली आहे.

तुझी,
आई