एकवीस गिअर कशाला? मागचे दाते मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर तुमच्या पुरवणीत सायकल खरेदीवर लेख आला होता. लेख चांगला होता, पण "चढउताराच्या भागात राहत असाल तर जास्तीत जास्त गिअरवाली घ्या" असं जे एक वाक्य त्यात टाकलंय त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. कारण आमच्या रत्नागिरीत पालक नेमकं हेच ऐकून दुकानात जातात, फ्रेमवर २१ स्पीड असा स्टिकर बघतात, खूश होऊन माउंटन बाईक घरी आणतात आणि दिवाळीपर्यंत त्या एकवीसपैकी चौदा गिअर कायमचे बंद पडलेले असतात. ते कसे, ते पुढे येतंय.

गिअर लागतात की नाही हा वादच नाही, कोकणात लागतातच. सागरी महामार्गाने कुठेही निघा, खाडीला उतरायचं, पूल ओलांडायचा की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, चढायचं, सड्यावर जरा मोकळा वारा खाल्ला की पुन्हा पुढच्या खाडीचा उतार. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला सायकलने गेलेल्याला वेगळं सांगायला नको. आपले चढ लांब नसतात पण उभे असतात, आणि ज्याला लांबच हवा त्याला आंबोली आहेच, समुद्रसपाटीपासून ६९० मीटर. "आमच्या वेळी कुठे होते गिअर" म्हणणारे काका चढावर सायकल हातात धरून चालायचे, तेवढं मात्र सांगायचं विसरतात!

आता हिशोब बघा, पाचवीच्या भागाकाराचा आहे, घाबरू नका. साध्या २१ गिअरच्या सायकलला पुढे ४८, ३८, २८ दात्यांची तीन चक्रं आणि मागे सात, १४ पासून २८ पर्यंत. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते; आकडा जितका लहान तितकं पॅडल हलकं. ४८ ला २४ ने भागलं तर २. २८ ला १४ ने भागलं तरी २. मधल्या ३८ ला १८ ने भागलं तर २.११, पायाला फरक कळणारही नाही. ४८-२८, ३८-२२ आणि २८-१६ यांचंही तेच, तिन्ही १.७ च्या आसपास. एकच भाजी तीन वाट्यांत वाढायची आणि तीन भाज्या केल्या म्हणायचं, असला प्रकार आहे हा. अशी डुप्लिकेट काढून टाकली की हातात बारा-तेराच राहतात, त्यातही पुढच्या मोठ्याला मागचं मोठं आणि पुढच्या छोट्याला मागचं छोटं लावलं की चेन तिरकी धावते, करकरते, आणि आपल्या जांभ्याची लाल माती चेनमध्ये बसलेली असली की चेन नि दाते दोन्ही घासून जातात.

पण मुख्य मुद्दा वेगळाच आहे. चढावर कामाला येतो तो फक्त सगळ्यात हलका गिअर, आणि या एकवीसवाल्याचा सगळ्यात हलका म्हणजे २८ भागिले २८, म्हणजे १. २६ इंची चाकाला पॅडलचे मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साधारण साडेसात किलोमीटर. उभ्या चढावर दप्तर घेतलेल्या पोराला तेवढा वेग टिकत नाही, फेरे कमी होतात, सायकल डुगडुगते आणि तो उतरतो. याउलट पुढे एकच ३२ चं चक्र आणि मागे नऊ, ११ ते ४२, अशी सायकल घेतली तर हलका गिअर ०.७६ येतो. गिअर नऊच, पण पॅडल जवळपास पाव भागाने हलकं. जातं काय, तर वरचा वेग. एकवीसवाली मिनिटाला ८० फेऱ्यांवर ताशी चौतीसच्या आसपास जाईल, नऊवाली एकोणतीसच्या. ते वरचे पाच किलोमीटर फक्त उतारावर लागतात आणि आपल्या रस्त्यांवर उतारावर माणूस ब्रेक दाबून बसलेला असतो, खड्डा कधी येईल नेम नाही!

शर्यतवाल्यांचं बघा की. माउंटन बाईक सुरू झाली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, १९७० च्या दशकात, आणि ती पोरं डोंगरावरून खाली यायला जुन्या बिनगिअरच्या सायकली वापरायची, गिअर नंतर आले, वर चढता यावं म्हणून. १९८१ ला स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर सायकल आली ती १५ गिअरची. मग कंपन्यांची चढाओढ, १८, २१, २४, २७, करत करत ३० पर्यंत गेले. आणि २०१२ ला गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने पुढची जादा चक्रं काढूनच टाकली, पुढे एक, मागे ११. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकात स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने माउंटन बाईकचं सुवर्ण जिंकलं तेव्हाही पुढे एकच चक्र होतं, मागे १२. ऑलिम्पिकवाल्याला बारा पुरतात आणि आमच्या आठवीतल्या पोराला एकवीस हवेत.

आता ते चौदा गिअर कसे बंद पडतात ते. पुढची चेन सरकवणारा जो डिरेलर असतो तो स्वस्त सायकलींत साध्या लोखंडी पत्र्याचा असतो, बसवलेलाही अशा जागी की चाकाचा सगळा चिखल त्याच्यावरच. वर आमची खारी हवा. जुलै संपेपर्यंत स्प्रिंग जाम, केबल आतून गंजलेली, हँडलवरचा डावा शिफ्टर, म्हणजे पुढचे गिअर बदलायचा खटका, फिरवायला दोन हात लागतात. माझ्या भाच्याच्या सायकलचं तेच झालं, आणि दुकानवाला म्हणाला पावसात चालवलीत म्हणून. कोकणात राहून पावसात चालवायची नाही तर कधी चालवायची? मागचा डिरेलर निदान तेलपाणी केलं तर तग धरतो. पुढचा नसलेलाच बरा.

ज्यांची आधीच घेऊन झालीय त्यांनी नवीन घ्यायची गरज नाही. मेकॅनिककडे जाऊन मागचा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा गठ्ठा, १४-३४ चा बसवून घ्या, सातचाच मिळतो, फक्त मागच्या डिरेलरला ३४ दाते झेपतात का ते आधी विचारा, आणि चेनही तपासून घ्या, जुनी ताणलेली चेन नव्या फ्रीव्हीलवर उड्या मारते. पुढचा डिरेलर चालू असेल तर चढ सुरू व्हायच्या आधीच छोट्या चक्रावर या, अर्ध्या चढात जोर लावून बदलायला गेलात की चेन पडलीच म्हणून समजा. आणि तो जाम झालाच असेल तर काढूनच टाका, चेन हाताने २८ वर घाला आणि तिथेच राहू द्या. चढाला ०.८२ मिळतो, सपाटीला ताशी सतरा-अठराने आरामात जाता येतं, शाळा, क्लास, बाजार सगळं त्यात होतं.

कळावे,
एक सायकलवाला वाचक, भाट्ये, रत्नागिरी